मुठीच्या आतला गंज

आई गेल्यावर बाबांना पुण्यात एकटं राहू द्यायचं नाही, असं भावानं आणि मी ठरवलं, आणि मी त्यांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला घेऊन आले. नेमकी जानेवारीत. बाहेर गुडघाभर बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि गाडीशिवाय कुठे जायची सोय नाही. मी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून दिवसभर मीटिंगमध्ये, नवरा ऑफिसात, लेक शाळेत. बाबा खाली खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे.

ते पुण्याजवळच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. सगळी नोकरी लेथ, ग्राइंडर आणि कानस यांच्यात गेली. रिकामा बसलेला माणूस आणि गंजलेलं लोखंड या दोन गोष्टी त्यांना बघवत नसत. त्यामुळे आल्यावर महिन्याभरात आमच्या घरातलं कुरकुरणारं, गळणारं आणि डुगडुगणारं सगळं संपलं. बिजागऱ्यांना तेल झालं, माझ्या विळीला धार लागली, तळघरात पडलेली लेकीची जुनी सायकल नव्यासारखी झाली. मग ते पुन्हा खिडकीपाशी येऊन बसले. आईचं नाव काढायचे नाहीत. मी काढलं तर "हं" म्हणायचे.

शेजारी एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ एकटेच राहत. निवृत्त इलेक्ट्रिशियन. बायको जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, मुलगी ॲरिझोनात. आमचं त्यांचं नातं म्हणजे कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना हात हलवण्याइतकं. एका सकाळी त्यांचा स्नोब्लोअर, म्हणजे दारातला बर्फ उडवून काढायचं मशीन, चालू होईना. ते दोरी ओढताहेत, मशीन खोकतंय, बंद पडतंय. बाबा खिडकीतून ऐकत होते. मला म्हणाले, "कार्ब्युरेटरमध्ये घाण अडकली आहे." आणि मी काही बोलायच्या आत माझ्या नवऱ्याचे बूट आणि कोट चढवून बाहेर पडले.

जेवायच्या वेळेला परत आले तेव्हा हात काळे होते आणि चेहरा उजळलेला होता. "चांगला माणूस आहे," म्हणाले. "हत्यारं जागच्या जागी ठेवतो."

त्या दिवसापासून ते रोज शेजारच्या गराजमध्ये जाऊ लागले. बाबांचं इंग्रजी म्हणजे कारखान्याचं इंग्रजी. बेअरिंग, टॉलरन्स, ग्रीस, जॉब रिजेक्ट. तेवढ्यावर दोघांचं छान चालायचं. बाबा घरी त्यांना 'मिस्त्री' म्हणत, समोर 'मिस्टर'. तेही बाबांना 'चीफ' म्हणू लागले. हीटर लावून दोघं बाकड्यापाशी बसत आणि काहीतरी खोलत किंवा जोडत. मिस्त्री उन्हाळ्यात घर विकून मुलीकडे जाणार होते, त्यामुळे गराजमधलं सामान आवरायचं होतं, आणि बाबांना तर तेवढंच हवं होतं. मी वरून बघायची आणि मला हायसं वाटायचं. आई गेल्यापासून बाबांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या गराजमध्ये.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला होता. एका दुपारी बाबा धावत आले. "चल लवकर, तो काहीतरी दाखवतोय आणि मला सगळं कळत नाहीये."

बाकड्यावर जुन्या लष्करी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली तलवार होती. मिस्त्रींनी ती छताच्या तुळयांवरून काढली होती. त्यांचे वडील महायुद्ध संपल्यावर सैन्याबरोबर जपानमध्ये होते, तिथून येताना त्यांनी ती आणलेली. "वडील तिच्याबद्दल कधी बोलायचे नाहीत," मिस्त्री म्हणाले. "एकदाच म्हणाले होते, ती आपली नाही, कुणाची तरी आहे. लहानपणी भावानं आणि मी तिनं भोपळे कापले आणि मार खाल्ला. मुलीच्या घरात लहान मुलं आहेत, तिला ही नको आहे. पण अंगणात जुनं सामान मांडून विकतात तशा यार्ड सेलमध्ये ही जाऊ नये असं माझ्या मनात आहे. जमलं तर जपानला परत जावी. एखाद्या म्युझियममध्ये वगैरे."

मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी तलवार उचलली आणि कपाळाला लावली, दसऱ्याला हत्यारं लावतात तशी. मग हळूच म्यानातून काढली.

मला तलवारीतलं काही कळत नाही. पण ती बाहेर आली आणि आम्ही तिघंही पुढे झुकलो एवढं आठवतं. पातं निमुळतं, किंचित वाकलेलं, आणि धारेच्या कडेनं वर दुधट रंगाची एक लाट टोकापर्यंत गेलेली. बाबा दाराशी गेले आणि उजेडात ती तिरकी धरून बघत राहिले.

"याला तापवून पाणी कसं दिलंय बघ," ते म्हणाले. "ही लाट आहे ना, तिच्या खाली पोलाद कडक आहे आणि वर मऊ. एकाच पात्यात. म्हणजे धार टिकते आणि पातं मोडत नाही. आमच्याकडे भट्टीला मीटर होते, तरी दहातले चार जॉब तडकायचे. ही घडवणाऱ्यानं काय बघून केलं असेल?" मग मिस्त्रींकडे वळून म्हणाले, "व्हेरी बिग मॅन मेड धिस."

मिस्त्री हसले. "इफ यू से सो, चीफ."

मूठ मात्र सैल झाली होती. तिच्यावरची दोऱ्याची वीण कुजली होती. ती घट्ट करता येईल का, असं मिस्त्रींनी विचारलं. बाबांनी मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली आणि मूठ ओढली. कानशीला जशी मुठीत शिरणारी टँग असते तशी आत लांब टँग होती. काळपट तपकिरी, गंजानं खरबरीत झालेली. तिच्यावर छिन्नीनं कोरलेली अक्षरं अंधुक दिसत होती.

"माय गॉड," मिस्त्री म्हणाले. "इतकी वर्षं इथे मालकाचं नाव होतं!"

बाबांनी अंगठ्यानं गंज चाचपला. "हा असाच राहिला तर वर पात्यात चढेल," ते मला म्हणाले. "सांग त्याला, मी साफ करून देतो. अक्षरंही वाचता येतील."

मी सांगितलं. मिस्त्रींनी दोन्ही हात पसरले. "ऑल युवर्स, चीफ."

पुढचे काही दिवस बाबा आमच्या मागच्या अंगणात उन्हात बसून ते काम करत होते. पात्याला त्यांनी कापड गुंडाळून ठेवलं होतं. त्यावर बोटसुद्धा लागू दिलं नाही. "ज्यानं हे केलंय त्याच्या कामाला आपण हात लावायचा नाही," म्हणाले. फक्त टँग. आधी तेल, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. अक्षरांच्या खाचांमधला गंज माझ्या शिवणाच्या सुईनं एकेक कण काढला. मी वरून कॉफी घेऊन आले की म्हणायचे, "बघ, कसं उघडत चाललंय." मी म्हणायची, "जपून हां बाबा, हात कापेल." एवढीच मला काळजी.

शेवटी टँग आरशासारखी झाली. अक्षरं लख्ख. बाबांनी बांबू तासून नवी खुंटी केली, मुठीवर नवा दोरा विणला. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि बाबांना मिठीच मारली. बाबांना कुणी मिठी मारलेली मी कधी पाहिली नव्हती. ते हात बाजूला ठेवून ताठ उभे राहिले, पण चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

मिस्त्रींनी अक्षरांचे फोटो मुलीला पाठवले, तिनं ते कुणाकुणाला पाठवले, आणि आठवड्याभरात बॉस्टनहून एका माणसाचा फोन आला. जपानी तलवारींचा अभ्यासक. त्याला तलवार प्रत्यक्ष बघायची होती. शनिवारी यायचं ठरलं. मिस्त्री आमच्या दारात येऊन म्हणाले, "चीफ तिथे हवाच."

शनिवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट आणि आईनं विणलेला स्वेटर घातला. केस पाणी लावून बसवले.

आलेला माणूस पन्नाशीचा, हळू बोलणारा अमेरिकन होता. जपानमध्ये बरीच वर्षं राहिलेला. त्यानं मिस्त्रींच्या डायनिंग टेबलवर पांढरं कापड अंथरलं, तलवारीला वाकून नमस्कार केला आणि ती बाहेर काढली. मग दिव्याखाली धरून तो किती तरी वेळ बघत राहिला. बाबा त्याच्याकडे बघत होते. त्यांना तो आपल्यातला वाटला असणार, कारण त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "बघतोय बघ नीट."

"मी अशी तलवार काचेबाहेर फारच थोड्या वेळा पाहिली आहे," तो म्हणाला. त्यानं एका लोहाराचं नाव घेतलं. कित्येक शतकांपूर्वीचा, ज्याच्या हाताखाली पुढचे सगळे शिकले असा. अक्षरं त्याच्याच नावाची होती, तलवारीच्या मालकाची नव्हती. आणि हे पातं त्याच्या हातचं वाटतंय, असं तो म्हणाला.

मी बाबांना सांगितलं. ते लहान मुलासारखे पुढे सरकले. "मी म्हटलं नव्हतं? विचार त्याला, पाणी देताना काय लावत होते?"

मी विचारलं. तो खुलून सांगू लागला. पात्यावर मातीचा लेप द्यायचे, पाठीवर जाड, धारेवर पातळ, मग तापवून पाण्यात. पाठ सावकाश थंड होते, धार झटकन. मी भाषांतर करत होते आणि बाबा मान हलवत होते. "माती! बरोबर! माती!" टेबलाच्या टोकाला बसलेले मिस्त्री हसत होते. मला वाटतं, त्या सबंध वर्षात आमच्यापैकी कुणीही इतकं सुखी नव्हतं.

मग त्या माणसानं खिशातून छोटी पितळी हातोडी काढली, खुंटी ठोकून काढली आणि मूठ ओढली.

तो टँग कापडावर ठेवून हात मांडीवर घेऊन बसला.

"हे कुणी केलं?" त्यानं शेवटी विचारलं.

"चीफनं," मिस्त्री अभिमानानं म्हणाले. "मस्त निघालीय ना?"

"फोटोत चकाकी दिसली होती," तो माणूस म्हणाला. "मला वाटलं फ्लॅश असेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतो?"

"थांबा बाबा."

त्यानं आवाज न चढवता समजावून सांगितलं. टँगवरचा गंज कधीही काढत नाहीत. मालक बदलतात, पात्याला पुन्हा पुन्हा पॉलिश होतं, पण टँगला कुणी हात लावत नाही. कारण नाव काय, कुणीही कोरू शकतं. मोठ्या लोहाराचं नाव खोटं कोरलेल्या तलवारी ढिगानं आहेत. पण त्या गंजाचा रंग आणि त्याचा पोत शेकडो वर्षं गेल्याशिवाय येत नाही. नाव खरं की खोटं ते त्यावरून ठरतं. इथे आता काहीच उरलेलं नाही. अक्षरांच्या कडासुद्धा घासल्या गेल्यात.

"पातं तेच आहे," तो म्हणाला. "माझं मन सांगतं की ही त्याचीच. पण मी ते लिहून देऊ शकत नाही. जपानमध्येही कुणी देणार नाही."

"तिथलं म्युझियम घेईल का?" मिस्त्रींनी विचारलं.

"अशी नाही घेणार. टँग होती तशी असती, तर ते स्वतः न्यायला आले असते."

बाबांनी माझ्या बाहीला हात लावला. "अगं, काय म्हणतो तो? सगळे गप्प का झाले?"

मी म्हणाले, "तो म्हणतोय की काम फार बारकाईनं केलंय."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांची मुलगी आहे, माझा चेहरा त्यांना वाचता येतो. "खरं सांग," ते म्हणाले.

मग मी सांगितलं. मला मराठीत शब्द सापडत नव्हते, म्हणजे सौम्य शब्द सापडत नव्हते. जे होते ते सांगितलं. की तो गंज काढायचा नव्हता. की त्यावरूनच वय कळत होतं. की आता कुणाला सिद्ध करता येणार नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. दोन्ही हातांचे पंजे टेबलावर होते, ते उचलून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "त्याला विचार, परत आणता येईल का? ब्लॅकनिंग करता येतं, लोखंड काळं करतात ते. मिठाच्या द्रावणात ठेवायचं, गरम करायचं. आम्ही करायचो. मी एकदम तसाच रंग आणून देईन."

मी विचारलं. तो माणूस घाईघाईनं म्हणाला, "नाही, प्लीज, काही करू नका. कृपा करून हात लावू नका." मग त्याला वाटलं असावं की आपण फार तोडून बोललो. तो बाबांकडे वळला आणि सावकाश, त्यांना कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "इट विल कम बॅक. बाय इटसेल्फ. टू हंड्रेड, थ्री हंड्रेड इयर्स."

हे मला भाषांतर करावं लागलं नाही. बाबांना इयर्स कळतं.

"ओके," ते म्हणाले. "थँक्यू."

तो माणूस गेल्यावर मिस्त्री बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इट्स जस्ट रस्ट, चीफ. नुसता गंज." आणि ते मनापासून म्हणत होते. पण म्हणताना त्यांची नजर टेबलावरून हलत नव्हती.

बाबा दुसऱ्या दिवशी गराजमध्ये गेले नाहीत. त्यानंतरही नाही. मिस्त्री दोनदा येऊन दार वाजवून गेले. पहिल्यांदा बाबांनी मला हातानं खूण केली, झोपलोय म्हणून सांग. मी सांगितलं. मिस्त्रींना खिडकीतून खुर्चीत बसलेले बाबा दिसत होते. दुसऱ्यांदा ते डोनट्सचा बॉक्स देऊन नुसतेच उभे राहिले आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, मीच करायला सांगितलं होतं. मी मुलीलाही तसंच सांगितलंय."

मी ते बाबांना शब्दन् शब्द सांगितलं. "आणि खरंच आहे बाबा. त्यांनीच तर सांगितलं होतं."

"त्याला माहीत नव्हतं," बाबा म्हणाले. "तो वायरिंगवाला. लोखंडाचं मला माहीत असायला हवं होतं. मला नाही तर कोणाला?"

"जपानी तलवारीचं तुम्हाला कसं माहीत असणार?"

"मग हात कशाला लावला?"

मी नवऱ्याला म्हणाले, तू बोल. तो बोलला, बाबांनी ऐकलं, "हो, बरोबर आहे" म्हणाले. लेक त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आबा, इट वॉज ॲन ॲक्सिडेंट." त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, असू दे, वेळ जाऊ दे. सगळ्यांनी सगळं करून पाहिलं, आणि आमचं काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. एप्रिलमध्ये आमच्या किचनचा नळ गळायला लागला. बाबा समोर बसून चहा पीत होते. थेंब सिंकमध्ये टपटप पडत होता. मी मुद्दाम म्हणाले, "बाबा, जरा बघता का?" ते उठले, नळापाशी गेले, खाली वाकून पाहिलं. मग सरळ झाले आणि म्हणाले, "प्लंबरला बोलव. उगाच मी काहीतरी करायचो." मी पाठमोरी होऊन भांडी घासत राहिले, कारण मला रडू आलं होतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं. प्लंबर आला, त्यानं वॉशर बदलला. बाबा तेवढा वेळ वरच्या खोलीत होते.

मी त्या तलवारवाल्या माणसालाही ईमेल केली. खोटं कशाला बोलू, मला आशा होती की तो काहीतरी तोडगा सांगेल. त्यानं फार सभ्य उत्तर लिहिलं. काहीही करण्यासारखं नाही, पातं फक्त कोरडं ठेवा, आणि तुमच्या वडिलांना सांगा की शनिवारी त्यांनी पाणी देण्याबद्दल जे प्रश्न विचारले, तसे मला कुणीच विचारत नाही. मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चांगला माणूस आहे." आणि पेपर वाचायला घेतला. तो पेपर आदल्या दिवशीचा होता.

बाबांचं परतीचं तिकीट जूनचं होतं. ते त्यांनी मे महिन्याचं करून घ्यायला लावलं. मी थांबवायचा प्रयत्न केला. पण कशासाठी थांबा म्हणणार होते मी? खिडकीपाशी बसण्यासाठी?

निघायच्या सकाळी बॅगा गाडीत ठेवत होतो. मिस्त्री ड्राइव्ह-वेवर आले. बाबा त्यांना टाळू शकले नाहीत. दोघं समोरासमोर उभे राहिले. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "सॉरी." मिस्त्रींनी त्यांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि डोकं हलवत राहिले. मी मध्ये उभी होते, दोन्ही भाषा येणारी, आणि कुणी काही बोलतच नव्हतं.

ऑगस्टमध्ये मिस्त्रींचं घर विकलं गेलं. ते ॲरिझोनाला गेले. तलवार बरोबर नेली. मुलीनं ती कपाटात वरच्या फळीवर, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवली आहे. तिथे हवा कोरडी असते, एवढाच दिलासा. बॉस्टनच्या माणसानं ती विकत मागितली होती. मिस्त्री नाही म्हणाले. "ती माझी कुठे आहे?" असं म्हणाले म्हणे.

बाबा आता पुण्यात आहेत. भाऊ शेजारच्याच इमारतीत राहतो. तब्येत बरी आहे. सोसायटीतले लोक मिक्सर, कुकर घेऊन येतात तेव्हा ते त्यांना दुकानाचा पत्ता देतात.

गेल्या महिन्यात मिस्त्रींचा मला फोन आला. "चीफ कसा आहे?" मी म्हणाले, तुम्हीच विचारा, आणि दोघांचे फोन जोडून दिले. पुण्यात संध्याकाळ होती.

"हॅलो, चीफ."

"हॅलो, मिस्टर. हाऊ आर यू?"

"गुड, गुड. व्हेरी हॉट हिअर."

"हिअर रेन."

"रेन इज गुड."

"येस. गुड."

मग दोघं थांबले. मी मध्येच काहीतरी बोलून विषय काढावा असं मला वाटत होतं, पण काय बोलावं ते सुचेना. बाबांकडे मागे पाऊस वाजत होता. मिस्त्रींकडे एसीची घरघर. दोघांचे श्वास मला ऐकू येत होते. बराच वेळ तसंच चाललं, आणि फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.